हातासाठी चालणं

ज्यांच्या घरात नुकताच कुणाला लकव्याचा झटका येऊन गेला आहे, त्यांनी हे वाचावं. आजारी माणसानं वाचलं तर बरंच. पण त्याच्या सासूनं, भावानं, शेजाऱ्यांनी आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलवाल्यानं वाचलं तर जास्त बरं. आजारानं मला छळलं, त्याहून जास्त आजारातून उठताना लोकांच्या मायेनं छळलं. त्या सगळ्यांचे माझ्यावर उपकारही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळं मला धड रागावताही येत नाही, आणि त्यानंच जास्त चिडचिड होते.

मी सुरेखा. माहेर माकणी, सासर लोहारा. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. थोरला दादा दहावीनंतर शेतात राहिला म्हणून मी बी.एस्सी. झाले आणि लातूरला राहून लॅबचा डिप्लोमा केला. लोहाऱ्यात रक्तलघवी तपासणीच्या एका लॅबमध्ये मी रक्त काढायचं काम करते. शीर दिसत नसलेल्या माणसांना लोक मुद्दाम माझ्याकडं पाठवायचे. हे मी फुशारकीनं सांगत नाही. पुढं काय गेलं ते कळावं म्हणून सांगते.

सुई पडली तो दिवस

सकाळी उपाशीपोटी साखर तपासायला आलेल्यांची रांग होती. एका म्हाताऱ्या बाबांच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि गाठच बसेना. मला वाटलं हाताला मुंग्या आल्या. सुई उचलली, खाली पडली. दुसरी घेतली, तीही पडली. बाबा माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, "पोरी, तुझं तोंड वाकडं का दिसायलंय?"

मी त्यांच्यावर चिडले. "बाबा, तुम्ही तुमच्या हाताकडं बघा," असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते माझं मलाच कळलं नाही.

लॅबचे डॉक्टर, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणतो, आतून आले. मला दोन्ही हात समोर धरायला लावले. डावा राहिला, उजवा हळूहळू खाली गेला. सरांनी कुणाला काही विचारलं नाही, स्वतःच्या गाडीत बसवलं आणि थेट सोलापूरला नेलं. माझ्या नवऱ्याला फोन वाटेतून केला. तोंड वाकडं झालं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर झोपून बघू, उद्या बघू असं करू नका. मी आज लिहिते आहे ती सरांनी वाट बघितली नाही म्हणून.

मेंदूतल्या एका बारीक नळीत गुठळी अडकली होती, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. झटका लहान होता. "नशीब समजा," ते म्हणाले. तोंड दोन-तीन दिवसांत सरळ झालं. पाय बचावला होता. हात तेवढा परका झाला होता. खांद्यापासून माझा, मनगटापुढं कुणा दुसऱ्याचा. मरणाची भीती वाटायला मला वेळच मिळाला नाही. एकच भीती होती, की या हातानं मी परत सुई धरणार का.

हात गेलाय, सायकल कशाला?

दवाखान्यात पहाटे रक्त काढायला एक मुलगा यायचा. शीर सोडून भलतीकडंच टोचायचा. मी पडल्या पडल्या सांगायची, "जरा बाहेरच्या बाजूनं घे." तो म्हणायचा, "मॅडम, तुम्ही पेशंट आहात." मग गोळ्या, मग बीपी, मग पातळ वरण, मग व्यायामाची खोली. दिवस असा चालायचा.

व्यायामाच्या खोलीत फिजिओथेरपीच्या मॅडम होत्या, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी मला हाताचं काम द्यायच्या आधी कोपऱ्यातल्या जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवलं.

"मॅडम, माझा हात गेलाय. पाय चांगला आहे."

"मग पायाकडून काम करून घेऊ. मारा पायडल."

दम लागेपर्यंत पायडल मारून घेतलं, आणि घाम पुसायच्या आत पुढ्यात खुंट्यांची पाटी ठेवली. बारीक खुंट्या उचलून भोकांत बसवायच्या. मला राग आला. मी दमले होते.

मॅडमनी नंतर समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत असं: हात हलतो तो डोक्याच्या हुकमानं. तो हुकूम आता डोक्याला नव्यानं शिकायचा आहे. शिकणं एक आणि शिकलेलं दुसऱ्या दिवशी शिल्लक राहणं वेगळं. छाती धडधडेपर्यंत अंग चाललं की त्याच्या आसपास केलेला सराव डोकं जास्त धरून ठेवतं, असं दिसून आलं आहे. "सगळ्यांना सारखा गुण येत नाही," त्या म्हणाल्या, "आणि मी जादू सांगत नाही. पण तुमचं हृदय आणि बीपी डॉक्टरांनी तपासलंय, त्यांची परवानगी आहे. घरी गेल्यावर रोज भरभर चाला. बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येता कामा नये, इतकं. आणि चालून आलं की लगेच हाताचा सराव. मध्ये लोळायचं नाही."

मध्ये लोळायचं नाही. एवढं एक वाक्य. ते आमच्या घरात पाळायला मला किती भांडावं लागलं ते आता सांगते.

कबुतर

घरी आले तर ओसरीवर माणसं. झटका आलेल्या माणसाला भेटायला न जाणं आमच्याकडं फार वाईट दिसतं. आलेला माणूस काहीतरी उपाय घेऊन येतो. तिसऱ्या दिवशी आईची बहीण आली, तिच्या पिशवीत काहीतरी हलत होतं.

"मावशी, हे काय आहे?"

"कबुतर हाय. ह्याचं गरम रगत हाताला चोळायचं. आमच्या जावेचा भाऊ असाच उठला."

"मावशी, मी रक्ताच्या लॅबमध्ये काम करते!"

"मग तुला तर आधी कळाया पायजे," मावशी म्हणाली.

मी इतकी ओरडले की माझं बोलणं पूर्ण सुधारल्याची घरच्यांची खात्री पटली. कबुतर सोडून दिलं. मावशी रुसून गेली.

पड जरा

सरांनी सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत तुझी जागा तशीच ठेवतो, सुरेखा. पुढं मला माणूस लागेल." उमरग्याची एक मुलगी तोवर काम बघत होती. सरांनी एक सिरिंजचं पाकीट घरी दिलं. आमच्या ह्यांनी लाकडी पाटावर सलाइनची नळी ताणून बांधली, तिच्यावर पातळ कापड ठोकलं. मला कापडाखालची नळी बोटानं चाचपून तिच्यात सुई घालायची होती. डाव्या हातानं पट्टा ओढायचा, उजव्यानं सुई. पूर्वी हे मी गप्पा मारत करायची.

आता दुपारी बसले की संध्याकाळपर्यंत कशीबशी दोन-तीनदा सुई बरोबर जायची. आनंदानं झोपायची. सकाळी उठून बघावं तर हाताला काही आठवत नाही. जणू पाटी रात्रीत कुणी पुसली. रोज पहिल्यापासून. कुणाला सांगावं तर म्हणायचे, "काल जमलं की, आज बी जमंल." त्यांना कसं सांगू, की काल जमलेलं आज उरत नाही हेच माझं दुखणं आहे?

म्हणून चालणं हवं होतं. पण चालून घरात पाऊल ठेवलं की सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, अंथरूण घालून ठेवलेलं असायचं.

"पड जरा. तोंड बग कसं लाल झालंय."

"आत्या, आत्ताच पाटावर बसायचं असतं. मॅडमनी सांगितलंय."

"मॅडम काय तुझी सासू हाय? तुला काय झालं तर बोल मला लागंल. पड. च्या ठेवलाय."

चहा व्हायचा, तोवर भेटायला कुणीतरी यायचं, त्यांच्यासमोर पाट घेऊन बसावं तर "आजारी बाईला कामाला लावलंय" हे आत्यांच्याच नावावर जायचं. पाहुणे उठेपर्यंत घाम वाळलेला, छाती शांत झालेली. असे कितीतरी दिवस वाया गेले. आत्या रात्री माझा हात तेलानं चोळून द्यायच्या, त्यांचे स्वतःचे गुडघे दुखत असताना. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

रस्ता

आणि चालणं तरी कुठं नीट होत होतं! लोहाऱ्यात बाईला रस्त्यानं चालायचं असेल तर तिच्या हातात काहीतरी पाहिजे. पिशवी, घागर, लेकरू, निदान पूजेचं ताट. मोकळ्या हातानं, पायात बूट घालून, भरभर चालणारी बाई म्हणजे नक्की काहीतरी झालंय. मी माकणी रस्ता धरायची, कारण तिकडं वर्दळ कमी आणि वाट मोकळी. तिथंही दर थोड्या वेळानं गाडी थांबायची. शिक्षक नवराबायको थांबायचे. दूधवाला थांबायचा. ट्रॅक्टरवाला ट्रॉलीत बसा म्हणायचा. नको म्हटलं की माणसं दुखावतात. एकदा शेजारची वहिनी स्कुटी आडवी घालून म्हणाली, "आमच्या गाडीवर बसायला कमीपणा वाटतो व्हय?" तिची समजूत काढेपर्यंत माझा दम पूर्ण खाली बसला. परत पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्यात चिवट शिवाप्पा. माझ्या माहेरच्या गावचा, माकणी-लोहारा जीप चालवतो.

"ताई, बसा."

"नको शिवाप्पा, चालायचंय."

"कुठवर?"

"पुलापर्यंत."

"पुलावर काय हाय?"

"काही नाही."

"मग?"

"मग परत यायचं."

शिवाप्पा जीपमधल्या बायकांकडं बघायचा, बायका एकमेकींकडं बघायच्या. मी घामानं चिंब, तोंड लाल, डोळ्यांत घाम गेल्यानं डोळे चोळत असलेली. मला त्या वेळी एवढंच कळत होतं, की बोलण्यात माझा वेग मोडतोय. ते काय समजून बसलेत हे लक्षात आलं नाही.

माहेरची जीप

एका संध्याकाळी पुलावरून परत फिरले होते. मागून जीप आली आणि कर्कन थांबली. दादा उतरला. त्याच्या मागून दोन चुलतभाऊ. तिघांच्या बाह्या वर केलेल्या.

"सुरे, थांब! कुणी हात लावला तुला?"

"कुणी नाही. बाजूला हो दादा, दम मोडायलाय."

"भिऊ नगंस. आमी तिघं हाव."

"कशाला तिघं?"

तेव्हा कळलं. शिवाप्पानं माकणीत सांगितलं होतं, की तुमची सुरेखा रोज सांजच्याला रडत माहेराकडं निघती, पुलापर्यंत येती, अन् माघारी फिरती. जीपमधी बी बसंना, लाजंकाजं. आजारी सुनेला घरातनं काढायलेत जणू.

मी रस्त्याच्या कडेला कपाळावर हात मारला. दादाला सगळं सांगितलं. मेंदू, घाम, सराव. दादा मधेच म्हणाला, "ते असू दे. आधी जीपमधी बस."

"मी बसणार नाही."

"आगं, आजारी हायस!"

"म्हणूनच चालतेय!"

मी चालायला लागले. जीप मागून पहिल्या गिअरमध्ये घुर्रघुर्र येत राहिली. दादा खिडकीतून डोकं काढून "बस की गं" म्हणत राहिला. अशी आमची मिरवणूक लोहाऱ्यात शिरली. दुकानांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. माझी कधी एवढी बेअब्रू झाली नव्हती.

घरात दादानं आत्यांना विचारलं, "आमची बहीण जड झाली का तुमाला?"

आत्यांच्या हातातली परात खाली आपटली. "म्या? म्या तिला हातरुणावरनं उठू देत न्हाय, अन् तुमी म्हणता हाकललं? इचारा तिला! रोज बूट घालून पळती. म्या रोज अडवते!"

"अडवता कामून? डॉक्टरनं सांगितलंय की तिला!"

"आत्ता तर तुमीच जीपमधी घालत होता, पाव्हणं!"

दादानं आवाज वाढवला. आमचे हे दुकानातून धावत आले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. घरी आल्यापासून पहिल्यांदा "पड जरा" असं कुणी म्हणालं नाही. संतापानं आणि चालण्यानं माझी छाती धडधडत होती. मी कोपऱ्यातला पाट ओढला आणि बसले. त्यांचं भांडण चालू, माझी सुई चालू. किती वेळ गेला कळलं नाही. घर शांत झालं तेव्हा चौघंपाचजण माझ्या हाताकडं बघत उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायच्या आधी पाट घेतला. सुई पहिल्याच खेपेला नळीत गेली. परत घातली. परत गेली. मी पाट मांडीवर घेऊन रडले. रात्रीत पुसलं गेलं नव्हतं.

दादा मुक्कामाला राहिला होता. त्याला ते लगेच समजलं, त्याच्या पद्धतीनं. "म्हंजी घाम हा वापसा हाय," तो आत्यांना सांगत होता. "पावसानंतर रानात बेताची ओल ऱ्हायली, वापसा आला, की तवाच पेरायचं असतंय. तुमी तिला नेमकं तवाच झोपवता. रान वाळल्यावर पेरून काय उगवणार?"

मी महिनाभर जे सांगत होते ते आत्यांना त्या क्षणी पटलं. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. विज्ञानाची पदवी माझी, आणि ऐकलं वापशाचं.

नवस

आत्यांनी त्यानंतर अंथरूण घातलं नाही. पाहुण्यांना त्याच सांगायच्या, "आता न्हाय, तिचा सरावाचा टाइम हाय." रस्त्याचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. मला न विचारता. एक दिवस दूधवाल्यानं गाडी थांबवली नाही, उलट कपाळाला हात लावला आणि "आईराजा उदे उदे" म्हणून पुढं गेला. स्कुटीवाल्या वहिनीनं लांबूनच नमस्कार केला.

घरी येऊन विचारलं तर आत्या शांतपणे म्हणाल्या, "म्या सांगितलं, सुनेचा तुळजापूरला चालत जायाचा नवस हाय. सराव करायली."

"आत्या, मी असा नवस बोललेच नाही!"

"म्या बोलले की. आता जाऊ दोघी. माझे गुडगे ऱ्हायले तर."

स्वतःच्या मेंदूसाठी चालले तेव्हा मी वेडी होते, घरातून काढलेली होते. देवीसाठी चालते म्हटल्यावर रस्ता मोकळा. मला हे अजून पचलेलं नाही. पण मी चालत राहिले. शिवाप्पा तेवढा अजून जीप हळू करतो आणि विचारतो, "ताई, पुलाच्या पुढं कवा जाणार?"

एक सांगून ठेवते. माझी सही अजून वाकडी येते. भाकरी गोल होत नाही. कधी कधी चालूनही दुसऱ्या दिवशी हात कोरा असतो. चालल्यानं सगळं परत येतं असं मी म्हणणार नाही. माझ्या बाबतीत शिकलेलं टिकायला लागलं, एवढंच. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बूट घालून पळत सुटू नये. बीपी तपासून घ्या. पण डॉक्टर हो म्हणाले, तर मग घरच्यांनी अंथरूण गुंडाळून ठेवावं.

दसऱ्याच्या आधी

सरांनी बोलावलं. नळीवर बघून त्यांचं समाधान होणार नव्हतं. "माणसावर दाखव," ते म्हणाले, "माझ्यासमोर. घरचं कुणी हात देत असेल तर."

आमचे हे तयार होते. पण दादाला कळल्यावर तो माकणीहून सकाळीच आला. त्या दिवसाची भरपाई त्याला करायची होती. तोंडानं तसं म्हणाला नाही. लॅबला मी मुद्दाम लांबच्या वाटेनं, भरभर चालत निघाले. दादाही सोबत. शेतात दिवसभर राबणारा माणूस, पण मोटारसायकलची इतकी सवय, की अर्ध्या वाटेत धापा टाकायला लागला. "बहिणी, जरा दमानं," म्हणाला.

खुर्चीत बसला आणि सुई बघून पांढरा पडला. दोघा भावांना घेऊन माझ्या सासरी भांडायला आलेला माणूस!

"दुखंल का गं?"

"दादा, हलू नको. एवढंच कर."

उमरग्याची मुलगी श्वास रोखून उभी होती. शीर चाचपली. सुई गेली. क्षणभर काही आलं नाही, आणि मग गडद रक्त वर चढलं. दादानं डोळे उघडले नाहीत. "झालं?" "झालं."

सर म्हणाले, "उद्या परत."

"उद्या?" दादा ओरडला.

"आज जमलं ते मी बघितलं," सर म्हणाले. "उद्या राहतंय का ते बघायचंय."

मला त्यांचा राग आला नाही. या सगळ्या महिन्यांत माझं नेमकं दुखणं न सांगता ओळखणारे ते दुसरे. पहिल्या त्या मॅडम. त्या रात्री मी पाटाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी परत लांबची वाट. दादानं आदल्या दिवशीचा काळानिळा झालेला हात मला सबंध वाटेनं दाखवला. खुर्चीत बसल्यावर म्हणाला, "हा दुखायलाय."

"डावा दे."

त्यानं तोंड भिंतीकडं वळवून डावा हात पुढं केला. मी पट्टा बांधला. गाठ एका ओढीत बसली. सुई गेली, आणि रक्त लगेच आलं.

दादाच्या दंडाचा पट्टा सरांनी स्वतः सोडला, त्याला खुर्चीवरून उठवलं, आणि दाराबाहेरच्या बाकाकडं बघून म्हणाले, "पुढचे कोण आहेत?"

एक बाई आत आल्या. अनोळखी. त्यांना माझ्याबद्दल काही माहीत नव्हतं. पदर सावरून बसल्या, बाही वर केली, आणि म्हणाल्या, "जरा हळू टोचा हां, बाई. माझी शीर सापडत न्हाय."

"सापडेल," मी म्हणाले. "मूठ आवळा."